पिठाच्या डब्यातले पैसे

आमच्या घरी ज्वारीच्या पिठाचा पत्र्याचा एक डबा होता. अम्मा त्याच्या तळाशी, चिंधीत गुंडाळून, थोडे पैसे ठेवायची. घरात कितीही ओढाताण असो, किराणा उधारीवर आणायची वेळ येवो, त्या पैशांना कुणी हात लावायचा नाही. मला वाटायचं, ते ईदच्या कपड्यांसाठी असतील.

ही १९८०च्या आसपासची गोष्ट. मी नऊ-दहा वर्षांचा होतो. धुळ्यात पांझरेच्या काठाजवळ आमची गल्ली. अर्धी घरं आमच्या लोकांची, अर्धी पाटील, शिंपी, भोई मंडळींची. एका रात्री कडी वाजली. समोरच्या घरातली मावशी दारात उभी. ओठ फुटलेला, कडेवर पोर, पायात चप्पल नाही. ती एवढंच म्हणाली, ‘‘आते कोठे जाऊ, माय?’’ अम्मानं काहीच विचारलं नाही. हळद लावली, चहा केला, पोराला माझ्या गोधडीत झोपवलं. पहाटे गल्ली जागी व्हायच्या आत तिनं पिठाचा डबा उघडला, चिंधी सोडली आणि मावशीच्या मुठीत पैसे ठेवले. मी तिला एसटी स्टँडवर नेऊन अमळनेरच्या गाडीत बसवून आलो. अमळनेरला तिचं माहेर होतं.

पंधरा दिवसांनी नवरा गेला, चार माणसांत माफी मागून तिला घेऊन आला. दोन महिन्यांनी पुन्हा कडी वाजली. पुढे आमच्याच नात्यातली एक सून याच दारानं आली आणि त्याच पैशांनी मालेगावला गेली. डबा रिकामा व्हायचा, अम्मा तो पै-पै करून पुन्हा भरायची. त्या दाराला हिंदू-मुसलमान कळत नव्हतं. मारणाऱ्या हाताला तरी कुठे कळतं?

मंडळी, बाईवर घरात होणाऱ्या अत्याचारावर आपल्याकडे पुष्कळ बोललं गेलं आहे. भाषणं झाली, कविता झाल्या, मीही लिहिल्या. कायद्यांवरही चर्चा झाली. पण एक साधा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. मार खाल्लेली बाई घराबाहेर पडते तेव्हा तिच्या गाडीभाड्याचे पैसे कोण देतं? रात्रीच्या जेवणाचे, वकिलाचे, औषधाचे, पोराच्या दुधाचे? आज मला या पैशांचा इतिहास सांगायचा आहे.

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाचं उत्तर होतं : ज्याला कळवळा आहे त्यानं द्यावेत. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी विधवांच्या बाळंतपणासाठी गृह काढलं, त्याचा भार त्यांनी स्वतः उचलला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू केलं. त्यासाठी पैसा आला अमेरिकेतून, बॉस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनकडून. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये आश्रम काढला आणि त्यासाठी वर्षानुवर्षं गावोगाव वर्गणी गोळा केली. या सगळ्या संस्था मुख्यतः विधवांसाठी होत्या. नवरा जिवंत असताना त्याच्या मारामुळे घर सोडणारी बाई तेव्हाच्या समाजाच्या हिशेबातच नव्हती. विधवेची दया यायची. नांदत्या बाईनं मात्र नांदायचंच असायचं.

नांदायला नकार देणाऱ्या बाईला काय किंमत पडते, हेही त्याच काळात दिसलं. मुंबईच्या रखमाबाईंचा खटला सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे जायला नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्यानं कोर्टात धाव घेतली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला, पण तो टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंगात जायला तयार होत्या. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली आणि नवऱ्याला २००० रुपये देऊन प्रकरण मिटलं. पुढे रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. त्यांच्यामागे शिकलेले सावत्र वडील होते, वर्तमानपत्रं होती, मदत करणारे मोठे लोक होते. म्हणून ते २००० रुपये उभे राहिले. खानदेशातल्या एखाद्या कुणब्याच्या, भिल्लाच्या किंवा पिंजाऱ्याच्या लेकीनं ते कुठून आणले असते?

आमच्याकडे बाईचं दुःख ऐकायला एकच जागा होती, जातं. पहाटे जात्यावर बसून ती ओवीतून सासरचा जाच सांगायची. ओव्या गोळा करणाऱ्या अभ्यासकांनी हे सारं जपून ठेवलं, त्यांचे उपकारच आहेत. पण जात्याला सांगितलेलं दुःख पिठाबरोबर दळलं जातं, त्याची कुठे नोंद होत नाही. नोंद करायची तर सरकारी कचेरी गाठावी लागते, आणि कचेरी लांब होती. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठाणी झाली. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी धुळ्यालाच यावं लागायचं. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तोवर हेच चाललं. डोंगरातून उतरून, दोन-तीन गाड्या बदलून, शे-सव्वाशे किलोमीटर. मार खाल्लेली बाई हा प्रवास कुणाच्या पैशांनी करणार होती?

स्वातंत्र्यानंतर सरकारनं पहिलं पाऊल टाकलं ते १९५३ मध्ये. दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं आणि स्वयंसेवी संस्थांना सरकारी अनुदान मिळण्याची वाट मोकळी झाली. पूर्वी वर्गणी होती, आता अनुदान आलं. फरक मोठा होता, पण मनोवृत्ती तीच राहिली. अनुदान म्हणजे मेहेरबानी. ते उशिरा आलं तरी तक्रार करायची नाही, कमी आलं तर भागवून घ्यायचं, बंद झालं तर गाशा गुंडाळायचा.

१९८०च्या दशकात वारं फिरलं. १९८२ मध्ये पुण्यातलं मंजुश्री सारडा मृत्यू प्रकरण गाजलं. हुंडाबळींच्या बातम्यांनी वर्तमानपत्रांची पानं भरू लागली, बायका मोर्चे घेऊन रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये भारतीय दंड विधानात ४९८-अ हे कलम आलं आणि नवऱ्याकडून व सासरकडून होणारा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. (१ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत आहे.) त्याच सुमारास समाजकल्याण मंडळानं कुटुंब सल्ला केंद्रांची योजना सुरू केली. दोन समुपदेशक, एक खोली, थोडं मानधन. संसार सावरावा हा तिचा भर. पण कुणीतरी पगारी माणूस टेबलापलीकडे बसून बाईचं ऐकून घेतो आहे, हे आपल्या इतिहासात नवीन होतं.

माझ्या मते खरं वळण १९८४ चं. त्या वर्षी मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेनं पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. कल्पना साधी होती, पण धाडसी. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच इमारतीत बसेल. बाई तक्रार घेऊन आली की तिला आधी फौजदारापुढे उभं राहावं लागणार नाही, तिचं म्हणणं ऐकणारी एक बाई समोर असेल. तिला हवं असेल तर गुन्हा नोंदवायला मदत करील, हवं असेल तर नवऱ्याला बोलावून घेईल, हवी असेल तर निवाऱ्याची जागा शोधील. काय हवं ते बाई ठरवील. पोलिसांच्या दबदब्याचा उपयोग व्हावा, पण त्याच्या धाकानं बाईच गप्प होऊ नये, अशी ती योजना.

हा प्रयोग वीसेक वर्षं चालला, वाढला. मग २००५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागानं गृह विभागाच्या साथीनं तो आपला मानला, आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष आले. राजस्थान, हरियाणासारख्या राज्यांनीही हा नमुना उचलला. एका संस्थेच्या खात्यावरचा खर्च राज्याच्या अंदाजपत्रकात गेला. ऐकायला ही कोरडी गोष्ट वाटते. पण मला ती १८६३ नंतरची फार मोठी गोष्ट वाटते. अंदाजपत्रकात एक ओळ आली, याचा अर्थ सरकारनं कबूल केलं की घरात बाईला मार पडतो आणि तिला आधार देणं हे आपलं काम आहे.

मुंबईत २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेल्या ‘दिलासा’ केंद्राची वाटही अशीच आहे. सेहत ही संस्था आणि महानगरपालिका यांनी मिळून ते काढलं. पोलीस ठाण्यात न जाणारी बाईही दवाखान्यात मलमपट्टीला येतेच, तिथेच तिला विचारावं, ही त्यामागची दृष्टी. पुढे महापालिकेनं ते केंद्र स्वतः चालवायला घेतलं आणि नंतर इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं निघाली. दोन्ही ठिकाणी संस्थेनं वाट दाखवली आणि सरकारी यंत्रणेनं खर्च उचलला. माझ्या मते टिकाऊ व्यवस्था अशीच उभी राहते.

याच काळात आमच्या समाजात काय चाललं होतं, तेही सांगायला हवं. १९८५ मध्ये शहाबानो प्रकरणाचा निकाल आला, १९८६ मध्ये मुस्लिम महिलांसाठी वेगळा कायदा झाला. देशभर वादळ उठलं. आमच्या गल्लीतही कट्ट्यावर रात्र-रात्र वाद व्हायचे. शरियत काय म्हणते, घटना काय म्हणते, सगळे पुरुष हिरिरीनं सांगायचे. मी तेव्हा कॉलेजच्या वयाचा होतो, मीही तावातावानं बोलायचो. एकदा अम्मा भाकरी थापता थापता म्हणाली, ‘‘तुमचं बोलणं झालं की सांगा, त्या बाईला कोर्टात यायला-जायला पैसे कोण देणार आहे?’’ आम्ही गप्प बसलो. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ कलमाखाली कुठल्याही धर्माच्या बाईला पोटगी मिळायची ती महिन्याला जास्तीत जास्त ५०० रुपये. केंद्रीय कायद्यातली ही मर्यादा निघायला २००१ साल उजाडावं लागलं. धर्मावर आम्ही वर्षानुवर्षं भांडलो, त्या ५०० रुपयांवर कुणी भांडलं नाही.

वकिलाच्या खर्चाची सोय मात्र कायद्यानं केली होती. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ पासून. त्यात बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. या कायद्याला आज तीस वर्षं झाली, पण खेड्यातल्या किती बायकांना हे माहीत आहे, ते आपण आपल्याच घरात विचारून पाहावं.

१९९४ हे साल आपल्या भागाला विसरता येणार नाही. त्या वर्षी महाराष्ट्रानं आपलं पहिलं महिला धोरण जाहीर केलं. त्याच वर्षी जळगावच्या त्या लैंगिक शोषण प्रकरणानं जिल्ह्याचं नाव देशभर झालं. ते प्रकरण घरातल्या हिंसेचं नव्हतं. पण त्यानं एक गोष्ट उघड केली. कित्येक मुली दीर्घकाळ सोसत राहिल्या, कारण बोलल्या असत्या तर त्यांना पाठीशी घालील अशी जागाच नव्हती. घरात बोललं तर घराची अब्रू, पोलिसांत बोललं तर गावची चर्चा. मधे तिसरी जागा हवी होती. महिला धोरण कागदावर आलं होतं, ही तिसरी जागा मात्र अजून यायची होती.

मग २००५ चा कायदा आला, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. हा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना सारखा आहे. बायको, आई, बहीण, लग्नाशिवाय सोबत राहणारी बाई, साऱ्या त्यात येतात. मारहाणच नव्हे, तर शिवीगाळ, उपासमार, पैशांची कोंडी, याही हिंसा मानल्या. बाईला त्या घरात राहण्याचा हक्क दिला, घर कुणाच्याही नावावर असो. अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असं सांगितलं. आणि तिच्या मदतीला ‘संरक्षण अधिकारी’ नावाचा माणूस दिला. त्यानं तिचं म्हणणं लिहून घ्यायचं, अर्ज कोर्टात पोचवायचा, दवाखाना, निवारा, वकील मिळवून द्यायचा.

फार चांगला कायदा. फक्त त्याच्यासोबत पैसे आले नाहीत. अमेरिकेत १९९४ मध्ये महिलांवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला तेव्हा त्याच कायद्यात १.६ अब्ज डॉलरची तरतूद होती. कायदा आणि पैसा एकाच कागदावर. आपल्याकडे केंद्रानं कायदा केला, अधिकारी नेमायला राज्यांना सांगितलं, पण त्यासाठी वेगळा केंद्रीय निधी ठेवला नाही. मग ठिकठिकाणी जे व्हायचं तेच झालं. आधीच दहा कामं असलेल्या अधिकाऱ्याच्या नावापुढे ‘अतिरिक्त कार्यभार’ असा शेरा पडला.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २००९ च्या सुमारास ओळखीतल्या एका बाईला घेऊन मी खानदेशातल्याच एका तालुक्याच्या कचेरीत गेलो होतो. अधिकारी भला माणूस होता. टेबलावर फायलींचा ढीग. तो म्हणाला, ‘‘सर, अंगणवाड्यांची कामं माझ्याकडेच, पोषण आहार माझ्याकडेच, आता हेही माझ्याकडे. गाडी नाही, शिपाई नाही. झेरॉक्सही मी माझ्या खिशातून काढतो. पण ताईंचा अर्ज मी घेणार.’’ त्यानं खरंच अर्ज घेतला. पण त्याला गावी चौकशीला जाता आलं नाही. मग बाईला दुसऱ्यांदा बोलावलं, तिसऱ्यांदा बोलावलं. चौथ्या वेळी ती आली नाही. मी निरोप धाडला तेव्हा तिनं कळवलं, ‘‘भाऊ, एका फेरीत दोन दिवसांची मजुरी जाते. घरी समजलं तर वेगळंच.’’ ती त्याच घरात राहिली. बाजारात कधी भेटली तर अम्माची चौकशी करायची, अर्जाचं नाव काढायची नाही. तिला ना कायद्यानं नाडलं, ना त्या अधिकाऱ्यानं. तिला नाडलं ते एसटीच्या तिकिटानं आणि दोन दिवसांच्या मजुरीनं.

त्याच काळातली दुसरी गोष्ट. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच मिटवावेत, गाव तंटामुक्त ठरलं की लोकसंख्येप्रमाणे लाखांच्या घरातलं बक्षीस मिळावं. कल्पना चांगली होती. बांधाचे, रस्त्याचे, भाऊबंदकीचे कितीतरी वाद मिटले, कोर्टाचे हेलपाटे वाचले. पण माझ्या पाहण्यात असंही आलं की चावडीवर बसलेल्या मंडळींना मार खाल्लेल्या बाईची तक्रारही एक ‘तंटा’च वाटायची. ‘‘बक्षीस जाईल गावाचं, मिटवून घे बाई,’’ असं सांगताना मी लोकांना ऐकलं आहे. पाहा, सरकारकडून पैसा आला होता, पण तो वाद मिटवल्याबद्दल गावाला मिळणार होता. तक्रार करणाऱ्या बाईच्या हातात त्यातलं काही नव्हतं. पैसा कशासाठी ठेवला आहे, यावरून माणसं काय करतील ते ठरतं.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीच्या घटनेनं देश हादरला. २०१३-१४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १००० कोटी रुपयांचा निर्भया निधी जाहीर झाला. पैशांचा प्रश्न सुटला असं वाटलं. पण पहिली काही वर्षं त्यातला मोठा भाग खर्चच झाला नाही. संसदेत आणि वर्तमानपत्रांत त्यावर टीका झाली. आजवर पैसे नाहीत म्हणून काम होत नव्हतं, आता पैसे होते आणि काम होत नव्हतं. कारण पैसा खर्च करायला माणसं लागतात, खोल्या लागतात, कुणाच्या सहीनं काय होईल हे ठरलेलं लागतं. डब्यात पैसे असून भागत नाही, रात्री उठून कडी काढणारंही कुणी लागतं.

१ एप्रिल २०१५ पासून या निधीतून ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची योजना आली. पहिलं केंद्र त्याच वर्षी रायपूरला उघडलं. पुढे देशभर जिल्ह्याच्या ठिकाणी अशी केंद्रं झाली. एका छपराखाली दवाखान्याची, पोलिसांची, वकिलाची मदत, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा. खर्च पूर्ण केंद्राचा. सोबत १८१ ही महिला हेल्पलाइन. २०२२ मध्ये या साऱ्या योजना ‘मिशन शक्ती’ या नावाखाली एकत्र आल्या. वन स्टॉप सेंटर आणि हेल्पलाइन यांचा पैसा केंद्र देतं, तर ‘शक्ती सदन’ हे निवारे केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के अशा वाट्यानं चालवतात. जळगावात ‘आशादीप’ हे शासकीय महिला वसतिगृहही आहे. १८६३ साली एका जोडप्याच्या घरात जे होत होतं, ते आज सरकारी इमारतींत होत आहे. हा प्रवास लहान नाही आणि तो मान्य केला पाहिजे.

पण अजूनही या मदतीपर्यंत पोचतं कोण? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी शंभरातल्या २९ जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात २५. आणि हिंसा सोसलेल्या बायकांपैकी कुणाकडे तरी मदत मागितली अशा देशात शंभरातल्या फक्त १४. त्यातही बहुतेकींनी मदत मागितली ती माहेरी. पोलीस, वकील, सरकारी केंद्र इथवर आलेल्या अगदी थोड्या. म्हणजे आजही या देशातली सर्वांत मोठी मदतयंत्रणा सरकारची नाही. ती माहेरची आहे, शेजारणीची आहे, पिठाच्या डब्याची आहे.

त्या डब्याचंही एकदा काय झालं ते सांगतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अम्मानं मला हाक मारली. ती तेव्हा खूप थकली होती. तिनं डबा पुढे केला. पिठात चिंधी होती आणि चिंधीत पाचशेच्या तीन नोटा. मी विचारलं, अजून ठेवतेस? कुणाचे पैसे हे? ती म्हणाली, ‘‘किसी के नहीं बेटा, दरवाजे के हैं.’’ कुणाचेच नाहीत, दाराचे आहेत. मी रांगेत उभा राहून त्या बदलून आणल्या. त्या रांगेत कितीतरी बायका होत्या. नवऱ्यापासून लपवून वर्षानुवर्षं साठवलेले पैसे त्यांना त्या महिन्यात बाहेर काढावे लागले. कुणाला मुलाच्या खात्यात भरावे लागले, कुणाला नवऱ्याच्याच हातात द्यावे लागले. तो घरखर्चातून वाचवलेला नुसता गल्ला नव्हता. त्यातल्या काहींसाठी तो संकटातून निघण्याचा रस्ता होता, आणि त्याची मोजदाद कुठल्याही अर्थसंकल्पात झाली नाही.

अलीकडे सरकारनं बायकांच्या हातात पैसा देण्याचं मनावर घेतलं आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली. लोकांनी त्यावर विनोद केले. मला मात्र त्या चौथ्या वेळी न आलेल्या बाईची आठवण झाली. तिकीट अर्धं असतं, तर ती आणखी एकदा आली असती का? २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली, महिन्याला १५०० रुपये. तिचा वर्षाचा खर्च ४६००० कोटी रुपये होईल असं योजना जाहीर करताना सांगण्यात आलं होतं. बाईच्या स्वतःच्या खात्यात स्वतःचे पैसे, याचं मोल मी कमी लेखणार नाही. अम्माच्या डब्यातही तेवढेच, १५०० रुपये होते. पण म्हणूनच विचारावंसं वाटतं. राज्य बहिणींसाठी एवढी मोठी रक्कम बाजूला काढू शकतं, तर प्रत्येक तालुक्याला दुसरं कुठलंही काम नसलेला एक संरक्षण अधिकारी, एक गाडी आणि रात्री उघडी राहणारी एक खोली देणं त्याच्या आवाक्याबाहेरचं नक्कीच नाही. पंधराशे रुपये हातात असलेल्या बाईलाही रात्री दोन वाजता वाजवायला एक कडी लागते.

हे मी एकटाच म्हणत नाही. ‘वी द विमेन ऑफ इंडिया’ या संस्थेच्या याचिकेवर २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलं की जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा, कायद्याची माहिती लोकांपर्यंत पोचवा आणि पीडित बायकांना मोफत विधी सहाय्य मिळेल असं पाहा. कायदा लागू झाला २००६ मध्ये. अधिकारी नेमा, हे सांगायची वेळ १९ वर्षांनीही आली.

मग आपण काय करायचं? मी कवी माणूस, मला योजना आखता येत नाहीत. पण प्रश्न विचारता येतो. जिल्हा परिषदेनं आपल्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो, ग्रामपंचायतीनंही तसाच. समुपदेशन केंद्र चालवणं हेही त्या कामांत बसतं. बहुतेक ठिकाणी हा पैसा शिलाई यंत्रं, सायकली आणि प्रशिक्षणाच्या शिबिरांवर जातो. तीही कामं वाईट नाहीत. पण पुढच्या ग्रामसभेत कुणी तरी उभं राहून विचारावं, की आपल्या गावातली बाई रात्री घराबाहेर काढली गेली तर तिला जवळच्या केंद्रापर्यंत न्यायला या १० टक्क्यांत काय ठेवलं आहे? उत्तर मिळेलच असं नाही. पण प्रश्न इतिवृत्तात जाईल, आणि निदान नोंद तरी होईल. जात्याजवळ ती कधीच झाली नव्हती.

आणि तीन आकडे घरातल्या प्रत्येक मुलीला पाठ असू द्या. महिला हेल्पलाइन १८१, तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२, मोफत वकिलासाठी विधी सेवेची हेल्पलाइन १५१००. हे तीनही आपल्याच करातून चालतात. ते वापरणं म्हणजे कुणापुढे हात पसरणं नव्हे.

अम्मा आता नाही. डबा आमच्या घरात आहे, माझी बायको त्यात पीठ ठेवते. चिंधी अजून तळाशी असते. माझ्या नातीनं परवा विचारलं, यात पैसे का ठेवता? मी तिला सांगितलं, दाराचे आहेत. तिच्या संसाराच्या वेळी तरी या चिंधीची गरज पडू नये. ज्या दिवशी गावच्या, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या सरकारी दाराशी हे पैसे कायमचे ठेवलेले असतील, त्या दिवशी मी ती चिंधी सोडीन. तोवर ती तिथेच असू द्यावी, तुमच्याही घरी.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)